हँड मिक्सर बिघडला आहे : घरी दाट द्रव ढवळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत छोट्या विद्युत उपकरणांची दुरुस्ती करताना हँड मिक्सरविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांमध्ये हँडवॉश आणि साबण करणाऱ्या बचत गटांच्या ताई आहेत, हळदीची क्रीम किंवा गुलाबपाणी-ग्लिसरीन घरीच करणाऱ्या गृहिणी आहेत, पाचगणी-महाबळेश्वरकडून स्ट्रॉबेरी आणून क्रश करणारी साताऱ्याची कुटुंबे आहेत आणि ई-सिगारेटचे द्रव मिसळण्यासाठी वापरलेले यंत्र पिशवीतून हळूच बाहेर काढणारे तरुणही आहेत. पदार्थ वेगळे असले तरी बिघाडाचे मूळ बहुतेकदा त्या पदार्थातच सापडते, म्हणून यंत्र उघडण्याआधी मी प्रत्येकाला ‘यात काय ढवळत होता?’ हे विचारून घेतो.

१. हँड मिक्सर म्हणजे नेमके कोणते यंत्र? आमच्याकडे कॉफी फेसाळवण्याचे लहान यंत्र आहे, तेही यातच येते का?

बोलताना लोक तीन वेगवेगळ्या यंत्रांना हेच नाव देतात. पहिले म्हणजे सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारे कॉफी बीटर, ज्याला फ्रॉदरही म्हणतात. त्यात खेळण्यातल्या गाडीत असते तशी लहान मोटर आणि तारेच्या गुंडाळीचे टोक असलेली बारीक दांडी असते. दुसरे म्हणजे खाली पाते आणि त्याभोवती घंटेसारखे झाकण असलेला, थेट विजेवर चालणारा हँड ब्लेंडर. तिसरे म्हणजे केकवाल्यांचा दोन बीटरचा हँड मिक्सर. खालील उत्तरांत जेथे फरक पडतो तेथे यंत्राचे नाव स्पष्ट दिले आहे.

२. पाण्यात, दुधात, ताकात व्यवस्थित फिरतो, पण ग्लिसरीनमध्ये घातला की घुमतो आणि थांबतो. मोटर खराब झाली आहे का?

बहुतेक वेळा मोटर अजून चांगली असते, तिच्यावर सोपवलेले काम तिच्या ताकदीबाहेरचे असते. २० अंश सेल्सिअस तापमानाला शुद्ध ग्लिसरीनचा दाटपणा पाण्याच्या सुमारे १,४०० पट असतो. म्हणजे दुधावर फेस आणण्यासाठी बनवलेल्या मोटरला आपण काकवी घुसळायला लावतो. मोटर फिरत असताना तिच्या गुंडाळीत विजेला विरोध करणारा दाब आपोआप तयार होतो आणि त्यामुळे आत येणारा विद्युतप्रवाह आटोक्यात राहतो. मोटर अडली की हा विरोध नाहीसा होतो, प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि सगळी वीज उष्णता होऊन गुंडाळीवरच्या वार्निशला जाळू लागते. दाट द्रवात ‘घुं’ असा आवाज काढत अडलेले यंत्र दहा सेकंद दाबून धरणे हे त्याला पाण्यात मोकळे चालवण्यापेक्षा कितीतरी घातक आहे.

यावर उपाय सोपा आहे. ग्लिसरीनची बाटली झाकण घट्ट लावून कोमट पाण्याच्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, कारण तापमान २० वरून ४० अंशांवर गेले की त्याचा दाटपणा जवळपास पाचपटीने घटतो. त्यानंतर भांड्यात आधी पातळ घटक, म्हणजे पाणी, गुलाबपाणी किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घ्यावे, मिक्सर त्यात चालू करावा आणि ग्लिसरीन वरून बारीक धारेने सोडावे. उलट क्रमाने केल्यास दाट थर तळाशी बसतो आणि दांडी नेमकी त्यातच रुतते. पौष-माघातल्या थंडीत अशा तक्रारी एकदम वाढतात आणि उन्हाळा लागला की त्यातील निम्मी यंत्रे दुरुस्तीविनाच ‘बरी’ होतात.

३. हँड ब्लेंडर सलग किती वेळ चालवावा?

यंत्राच्या अंगावरील माहितीच्या पट्टीवर ‘केबी’ ही अक्षरे आणि त्यापुढे मिनिटांचा आकडा असेल, तर तेवढीच सलग चालवण्याची मर्यादा समजावी. पुष्कळ हँड ब्लेंडरांना ती फक्त एक मिनिटाची असते आणि त्यानंतर मोटर निवेपर्यंत थांबणे अपेक्षित असते. आकडा सापडत नसेल तर अर्धा-पाऊण मिनिट चालवून दोन-तीन मिनिटे थांबण्याची सवय ठेवावी. ब्लेंडरची घंटा पातेल्याच्या तळाला सपाट टेकवू नये. ती तळाला चिकटून बसते आणि पाते अडते. यंत्र किंचित तिरके धरल्यास हा प्रश्न येत नाही.

४. बटण दाबले तर काहीच होत नाही. उघडण्याआधी घरी काय तपासावे?

सेलवरच्या बीटरचे सेल बदलून पाहावेत आणि दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच प्रकारचे बदलावेत. चार्ज होणारे निकेल सेल घातले असतील, तर त्यांचा दाब साध्या सेलच्या १.५ व्होल्टऐवजी १.२ व्होल्ट असतो, त्यामुळे बीटर थोडा मंद चालणे हा बिघाड नव्हे. सेलच्या कप्प्यातील स्प्रिंग पांढरी किंवा हिरवट दिसत असल्यास प्रश्न ५ पाहावा.

विजेवरच्या यंत्रासाठी आधी त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. नंतर वायर यंत्रात जिथे शिरते, त्या ठिकाणी ती हळुवार वाकवावी. त्या वेळी यंत्र क्षणभर चालू होत असेल, तर वायर आतून तुटली आहे आणि ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती ठरते. काही ब्लेंडरमध्ये दांडी पूर्ण बसल्याशिवाय बटण काम करत नाही, म्हणून दांडी ‘टक’ असा आवाज येईपर्यंत फिरवून बसवावी. एवढे करूनही यंत्र गप्प राहिले, तर थर्मल फ्यूज (प्रश्न १० पाहावा), कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज देणारे दोन लहान तुकडे) किंवा बटण यांपैकी एक दोषी असते आणि ते तपासण्यासाठी प्लग काढून, मल्टिमीटर घेऊनच यंत्र उघडावे लागते.

५. सेल गळले आहेत. पांढरी पूड साफ करून बीटर वापरता येईल का?

स्प्रिंग आणि पत्र्याचे टोक झिजून तुटले नसतील तर वापरता येतो. अल्कलाइन सेलमधून येणारी पूड अल्कधर्मी असते, म्हणून हातमोजे घालून, कापसाच्या काडीवर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती पुसावी, मग ओल्या काडीने आणि शेवटी कोरड्या काडीने पुसून कप्पा एक दिवस उघडा ठेवावा. जुन्या पद्धतीचे स्वस्त झिंक-कार्बन सेल असतील तर गळणारे द्रव आम्लधर्मी असते आणि तेथे लिंबाऐवजी खाण्याच्या सोड्याचे पाणी योग्य ठरते. सेलच्या आवरणावर प्रकार छापलेला असतो.

६. चार्जिंगचा बीटर मोबाइलच्या नव्या चार्जरवर चार्ज होत नाही, पण शेजाऱ्यांच्या जुन्या चार्जरवर होतो. हे कसे?

हा प्रश्न मला आवडतो, कारण यात यंत्र बहुधा निर्दोष असते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये चार्जर आधी समोरच्या उपकरणाची ‘ओळख’ मागतो. ती ओळख देण्यासाठी उपकरणात दोन लहानसे रेझिस्टर लागतात आणि स्वस्त बीटर बनवणारे नेमके तेच वगळतात. परिणामी चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेली केबल वापरली की चार्जिंग सुरू होते. मात्र बीटरचे अंग फुगलेले, जोडावर उकललेले किंवा चार्जिंगविना गरम लागत असेल, तर आतला लिथियम सेल बिघडला आहे. तो दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये आणि प्रश्न २० मध्ये सांगितल्याप्रमाणे निकालात काढावा.

७. मोटरचा आवाज येतो, पण दांडी किंवा पाते फिरत नाही.

हँड ब्लेंडरमध्ये मोटर आणि दांडी यांच्यामध्ये कपलर असतो, जो पुष्कळदा प्लास्टिकचा किंवा रबराचा असतो. दाट द्रवात पाते अडले की मोटर वाचावी म्हणून याचे दाते आधी झिजतात. त्याच मॉडेलचा कपलर मिळाला तर दहा मिनिटांचे काम आहे; ‘साधारण तसाच’ कपलर घासून बसवल्यास दांडी थरथरते आणि पुढे बेअरिंगही जाते.

याला एक अपवाद आहे. स्ट्रॉबेरी क्रश किंवा साखरेचा पाक ढवळून यंत्र न धुता ठेवले असेल, तर पाक दांडीच्या बुशमध्ये (दांडी ज्यात फिरते त्या बारीक नळीत) वाळून पाते घट्ट धरून ठेवतो. अशा वेळी मोटरचा भाग वेगळा करून फक्त दांडीचे टोक गरम पाण्यात अर्धा तास ठेवावे, पाते हाताने मोकळे होते का पाहावे आणि मगच यंत्र जोडावे. पाते अडलेले असताना बटण दाबून ‘जोर लावून’ सोडवण्याच्या प्रयत्नात चांगला कपलर गमावलेली माणसे दर हंगामात भेटतात.

कॉफी बीटरमध्ये दांडी मोटरच्या बारीक आसावर केवळ दाबून बसवलेली असते. ती सैल झाली असल्यास काढून, दोन्ही भाग स्पिरिटने पुसून, ताकदीच्या चिकट द्रावणाचा अगदी बारीक थेंब लावून पुन्हा बसवावी. थेंब मोटरच्या बाजूला ओघळला तर आसच चिकटतो, म्हणून यंत्र उलटे धरून हे काम करू नये.

८. दोन बीटरचा मिक्सर आहे. धुऊन परत लावल्यापासून बीटर एकमेकांवर आपटतात.

आधी बीटर अदलाबदल झाले आहेत का ते पाहावे. बऱ्याच यंत्रांत एका बीटरच्या दांडीवर जास्तीचे कडे किंवा मोठी चकती असते आणि त्याचे भोकही ठरलेले असते. बीटर योग्य जागी असूनही आपटत असतील, तर आतील नायलॉनच्या गिअरचे दाते गेले आहेत किंवा कोणी उघडून जुळवताना दोन गिअर एका दात्याने चुकवले आहेत.

९. मोटरमधून ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो. लगेच बंद करावा का?

विजेवरच्या मिक्सरमध्ये कार्बन आणि फिरते तांबे यांचा स्पर्श होताना बारीक निळसर ठिणग्या पडणे स्वाभाविक आहे आणि नवीन यंत्राला पहिल्या काही वेळा वार्निशचा हलका वासही येतो. ठिणग्या पिवळ्या, मोठ्या आणि एका बाजूलाच पडत असतील, तर कार्बन झिजले आहेत किंवा त्यामागची स्प्रिंग अडकली आहे. कार्बन नेहमी जोडीने बदलावेत. मात्र तांब्याभोवती ठिणग्यांचे पूर्ण कडे दिसत असेल आणि वासात धूर मिसळला असेल, तर आर्मेचरची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाची, गुंडाळी आतून शॉर्ट झाल्याची शक्यता मोठी आहे. मल्टिमीटरने तांब्याच्या लगतच्या पट्ट्यांमधील रोध मोजत गेल्यास सर्वत्र सारखा आकडा यायला हवा. एखाद्या जागी तो ठळकपणे वेगळा आला तर आर्मेचर गेले असे समजावे. घरगुती हँड मिक्सरचे आर्मेचर पुन्हा भरून घेणे मला क्वचितच परवडणारे वाटते.

१०. गल्लीतल्या एकाने थर्मल फ्यूज काढून वायर सरळ जोडून दिली आणि मिक्सर झकास चालतो. चालू ठेवावा का?

चालू ठेवू नये. हा फ्यूज गुंडाळीला बिलगून बसवलेला असतो आणि ठरावीक तापमानाला कायमचा तुटतो. तो तुटला म्हणजे मोटर एकदा धोकादायक तापली होती. सरळ जोडलेले यंत्र पुढच्या वेळी तापले तर थांबवणारे आत कोणीच उरत नाही, आणि ते आपण हातात धरलेले असते. त्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवावा. तो सोल्डर करताना पाय पक्कडीत धरून उष्णता अडवावी लागते, नाहीतर नवा फ्यूज सोल्डरिंगच्याच उष्णतेने तुटतो. फ्यूज का तुटला याचे उत्तर शोधायचे असेल तर प्रश्न २ व ३ वाचावेत.

११. वेग कमी-जास्त होत नाही, सतत पूर्ण वेगाने पळतो.

दोन वेगांच्या साध्या यंत्रात कमी वेगासाठी एक डायोड असतो, जो विजेची अर्धीच लाट पुढे सोडतो. तो शॉर्ट झाला की कमी वेगही पूर्ण वेगासारखा चालतो आणि तो तुटला तर कमी वेग बंद पडून फक्त जास्त वेग उरतो. फिरत्या खटक्याच्या यंत्रात हेच काम ट्रायॅक करतो. दोन्ही भाग स्वस्त आहेत. दुरुस्ती होईपर्यंत असे यंत्र कमी पातळीच्या भांड्यात घालू नये, सगळे अंगावर उडते.

१२. ढवळताना द्रव दांडीवरून वर चढून मोटरमध्ये गेले. वाळवले की झाले ना?

पाणी वाळते, ग्लिसरीन वाळत नाही. ते हवेतील ओलावा उलट शोषून घेते आणि मोटरमध्ये चिकट, ओलसर थर धरून बसते. त्यात कार्बनची पूड मिसळली की विजेला नको त्या जागी वाट मिळते आणि बेअरिंगला गंज चढतो. म्हणून ‘उन्हात ठेवले होते, तरी आठवड्याने बंद पडले’ ही तक्रार ग्लिसरीनवाल्यांकडून नेहमी येते. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल दोन्ही पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे मोटर सुटी करता येत असेल तर बाधित भाग आधी पाण्याने ओलसर केलेल्या ब्रशने आणि नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने स्वच्छ करावा.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. अल्कोहोल ज्वलनशील आहे आणि प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे या मोटरमध्ये ठिणग्या पडतातच. म्हणून वास पूर्ण जाईपर्यंत, निदान एक रात्र उघड्यावर ठेवून, मगच वीज जोडावी. कॉफी बीटरच्या दांडीभोवती खरे सील बहुधा नसतेच, त्यामुळे तो वापरल्यावर उभा उलटा ठेवू नये, दांडीचे टोक खाली लोंबेल असाच टांगावा.

१३. सुगंधी तेल घातल्यापासून मिक्सरचे प्लास्टिक चिकट झाले आणि त्याला तडे गेले. कंपनीने हलके प्लास्टिक वापरले का?

दोष तेलाचाही असू शकतो. संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलात लिमोनीन असते आणि ते पॉलिस्टायरीन व एबीएससारख्या प्लास्टिकला मऊ करते. दालचिनीचे तेलही काही प्लास्टिकांना मानवत नाही. ई-सिगारेट वापरणाऱ्यांना हा अनुभव जुना आहे, कारण लिंबूवर्गीय आणि दालचिनीच्या स्वादांनी त्यांच्या प्लास्टिकच्या टाक्या तडकत असत. तडा गेलेला भाग चिकटवून पुन्हा द्रवात घालू नये, त्याचे कण मिश्रणात उतरतात. सुगंधी तेल यंत्र बंद केल्यावर, शेवटी घालून काचेच्या किंवा स्टीलच्या काडीने मिसळावे. हळदीचा पिवळा डाग ही मात्र केवळ दिसण्याची बाब आहे, सांगलीकरांनी त्याची काळजी करू नये.

१४. कॉस्टिकच्या साबणासाठी हँड ब्लेंडर वापरला. दांडी काळी पडली आणि फेस आला.

दांडी किंवा घंटा अॅल्युमिनियमची आहे. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो, जो पेट घेऊ शकतो. तो फेस साबणाचा नव्हता. अशी दांडी दुरुस्त होत नाही. साबणासाठी पूर्ण स्टीलची दांडी असलेला ब्लेंडर वेगळा ठेवावा, डोळ्यांवर चष्मा व हातात मोजे असावेत आणि पाते मिश्रणात पूर्ण बुडाल्याशिवाय बटण दाबू नये. दुरुस्तीला आणताना दांडीवर वाळलेला कच्चा साबण ठेवून आणू नये, तो कारागिराच्या बोटांना भाजतो.

१५. ई-लिक्विड (ई-सिगारेटचे द्रव) मिसळण्यासाठी वापरलेला हँड मिक्सर बिघडला आहे. तुम्ही दुरुस्त कराल का, आणि आणताना काय काळजी घ्यावी?

आधी कायदा सांगतो, कारण पुष्कळांना तो अर्धाच ठाऊक असतो. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी संसदेने तिचे कायद्यात रूपांतर केले. त्यानुसार ई-सिगारेटचे किंवा तिच्या कोणत्याही भागाचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, आणि केवळ साठा केल्यासही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘आमच्या द्रवात निकोटिन नाही’ हा बचाव येथे उपयोगी नाही, कारण व्याख्येतच ‘निकोटिनसह किंवा निकोटिनविना’ असे म्हटले आहे. त्यामुळे तेच काम पुन्हा सुरू करता यावे म्हणून मी यंत्र दुरुस्त करून देत नाही.

यंत्र दुसऱ्या कामासाठी हवे असेल, तर त्यात काय होते हे कारागिराला स्पष्ट सांगणे ही किमान जबाबदारी आहे. निकोटिन त्वचेतून शरीरात शिरते. निपाणीच्या बाजूला ओल्या तंबाखूच्या पानांत राबणाऱ्यांना होणारी मळमळ आणि डोकेदुखी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही, आणि बाटलीतले द्रव पानापेक्षा पुष्कळ तीव्र असू शकते. म्हणून रबरी हातमोजे घालून दांडी कोमट साबणाच्या पाण्याने दोनदा धुवावी, पुसलेला कागद बंद पिशवीत टाकावा आणि यंत्र वेगळ्या पिशवीतून आणावे. अंगावर द्रव सांडले तर कपडे बदलून ती जागा साबण-पाण्याने लगेच धुवावी. उलटी, घाम, चक्कर किंवा धडधड जाणवल्यास, अथवा लहान मुलाच्या तोंडात थेंबभर गेल्याची नुसती शंका असली तरी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली सोबत न्यावी. घरी उलटी करवू नये.

१६. धुऊन-पुसून तोच मिक्सर परत स्वयंपाकात वापरला तर चालेल का?

गुलाबपाणी आणि औषधी दर्जाचे ग्लिसरीन एवढेच ढवळले असेल, तर गरम साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन चालेल. कॉस्टिक, अत्तर, सुगंधी तेल, फिनाइल किंवा निकोटिन यांपैकी काहीही लागलेले यंत्र मात्र स्वयंपाकघरात परत नेऊ नये. तारेच्या गुंडाळीत, दांडीच्या बुशमध्ये आणि प्लास्टिकच्या तड्यांत जे राहते ते डोळ्यांना दिसत नाही. अशा यंत्रावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ते वेगळ्या कपाटात ठेवावे, म्हणजे पाहुणी आलेली वहिनी त्यातच ताक घुसळणार नाही.

१७. मुलाने अमेरिकेहून आणलेला हँड मिक्सर येथे पहिल्यांदाच लावला आणि फट्‌कन बंद झाला.

पट्टीवर १२० व्होल्ट लिहिले असेल तर तेच कारण. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात आणि पिनेचा अॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. नशीब चांगले असेल तर फक्त फ्यूज जातो. दुरुस्तीनंतर पुरेशा वॅटचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो चालवता येतो, परंतु तो ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड आणि कधी कधी महागही पडतो.

१८. पुराच्या पाण्यात बुडालेला मिक्सर वाळवून चालू करावा का?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरानंतर हा प्रश्न इतक्यांनी विचारला, की तो आता पावसाळ्याबरोबरच येतो. वरून कोरडा दिसला म्हणून प्लग लावू नये. कृष्णेच्या पुराचा गाळ गुंडाळीत आणि बेअरिंगमध्ये बसतो आणि वाळल्यावरही दमट हवेत पुन्हा ओल धरतो. यंत्र उघडून गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, सावलीत वाऱ्यावर कित्येक दिवस वाळवावे आणि गुंडाळीचे इन्सुलेशन मेगरने, म्हणजे जास्त दाब देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, तपासून घ्यावे. साधा मल्टिमीटर फार कमी दाबावर मोजतो, त्यामुळे तो ‘ठीक’ म्हणाला तरी विसंबू नये. पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते, म्हणून दुरुस्त झालेले यंत्रही मी खाण्यासाठी वापरायला सांगत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की नदीकाठच्या घरांनी अशी यंत्रे माळ्यावर ठेवलेली बरी.

१९. वॉरंटी आहे, पण कंपनीचे केंद्र म्हणते की तुम्ही साबण ढवळला, म्हणून मिळणार नाही. आमचा बचत गट आहे.

बहुतेक वॉरंटी पत्रकांवर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असे लिहिलेले असते आणि दांडीवर कॉस्टिकच्या खुणा दिसत असतील तर नकार टिकण्याची शक्यता अधिक असते. परंतु बिघाडाचा त्या पदार्थाशी संबंध नसेल, उदाहरणार्थ पहिल्याच महिन्यात बटण किंवा वायर गेली असेल, तर लेखी कारण मागावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे निभाव लागला नाही तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते; खरेदी पुण्याची किंवा ऑनलाइन असली म्हणून तिकडे जावे लागत नाही.

बचत गटाची शंका रास्त आहे, कारण व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. तथापि स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू त्याच कायद्याने या अपवादातून वगळली आहे. त्यामुळे पावती गटातील ताई स्वतःच्या नावाने घेतात की मोठ्या उद्योगाच्या नावाने, याला महत्त्व येते.

२०. दुरुस्त करावा की टाकावा? आणि टाकायचा तर कुठे?

वायर, बटण, कार्बन, कपलर, डायोड, फ्यूज यांपैकी एकच गोष्ट गेली असेल तर दुरुस्ती करावी. आर्मेचर आणि गिअर दोन्ही गेले असतील तर सोडून द्यावे. बिननावाचा कॉफी बीटर सुटा करताना त्याच्या खिट्ट्याच तुटतात, त्यामुळे मोटर मिळत असूनही तो दुरुस्तीयोग्य राहत नाही. नवे यंत्र येईपर्यंत थोड्या प्रमाणातील ग्लिसरीनचे मिश्रण बंद बाटलीत कोमट पाण्यात ठेवून अधूनमधून हलवले तरी एकजीव होते, आणि क्रशसाठी घरातील लाकडी रवी पुरेशी असते.

टाकताना सेल आधी वेगळे करावेत. लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते व यंत्र घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या नोंदणीकृत संकलकाकडे द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून नवे यंत्र घेताना जुने परत घेता का, हे दुकानात विचारावे. भंगारवाल्याला देताना तो तांब्यासाठी गुंडाळी जाळतो, हे लक्षात असू द्यावे. उरलेले निकोटिनचे द्रव मोरीत ओतू नये, ते जलचरांना विषारी आहे. भुसा किंवा वाळू भरलेल्या बरणीत ते शोषून घ्यावे, झाकण घट्ट लावून वर ‘विष’ असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे आणि घातक घरगुती कचरा म्हणून सफाई कर्मचाऱ्याला तोंडाने सांगून वेगळे हाती द्यावे.